आधी अंदाज, मग यंत्र

आठवी ते बारावीत मूल असलेल्या घरांत हल्ली एकच प्रश्न फिरत असतो: कोणती शाखा घेतली तर पुढची वीस-पंचवीस वर्षं काम मिळत राहील? या प्रश्नाचं नेमकं उत्तर कुणाकडेही नाही, आणि ते आपल्याकडे आहे असं सांगून फी मागणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं. ज्यांनी हे तंत्रज्ञान घडवलं त्यांचेही होरे चुकले आहेत. जेफ्री हिंटन हे आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. २०१६ साली त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, कारण पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्रं स्कॅन माणसापेक्षा चांगले वाचू लागतील. यंत्रं स्कॅन वाचायला मदत करू लागली हे खरं, पण अमेरिका-ब्रिटनमध्ये आजही रेडिओलॉजिस्ट पुरत नाहीत अशीच तक्रार आहे. उलट दिशेचा होराही तितकाच फसला. सहा वर्षांच्या पोराला कोडिंग शिकवलं नाही तर त्याचं काही खरं नाही, अशा जाहिरातींनी टाळेबंदीच्या काळात पालकांची झोप उडवली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि साधासुधा कोड लिहिणं हे यंत्राला सगळ्यात लवकर जमलेल्या कामांपैकी एक निघालं.

तेव्हा शाखेचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून दुसरीकडे पाहू. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पगारपत्रकांची छाननी केली. ज्या कामांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिरकाव जास्त आहे, उदाहरणार्थ सॉफ्टवेअर बनवणं किंवा ग्राहकसेवा, तिथे २२ ते २५ वर्षांच्या मुलांचा रोजगार इतरांच्या तुलनेत सुमारे १३ टक्क्यांनी घसरलेला दिसला. त्याच कामांतल्या अनुभवी माणसांना मात्र फारसा धक्का बसला नव्हता, काही ठिकाणी त्यांची संख्या वाढलीच होती. शाखा तीच, यंत्र तेच, फटका फक्त नवख्यांना. याचा अर्थ लावताना घाई करू नये, कारण हे आकडे एका देशाचे आणि थोड्या काळाचे आहेत. पण एक गोष्ट त्यातून दिसते. नवख्याकडे असतं ते पुस्तकात छापलेलं ज्ञान, आणि ते यंत्राकडेही आहे. अनुभवी माणसाकडे त्यापलीकडचं काहीतरी असतं: समोर आलेलं उत्तर कुठे कच्चं आहे हे त्याला चटकन कळतं. मुलांची तयारी करायची ती याची. यंत्राने दिलेलं उत्तर ताडून पाहता येणं ही क्षमता कुठल्याही शाखेत लागणार आहे, आणि ती कमवायला वीस वर्षांच्या नोकरीची वाट पाहायची गरज नाही. तिची सुरुवात आठवीतल्या मुलाबरोबरही करता येते.

ही क्षमता नसली तर काय होतं, हे मोजून पाहिलेलं आहे. २०२३ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या कंपनीतल्या ७५८ सल्लागारांवर एक प्रयोग केला. यंत्राच्या आवाक्यातली कामं दिली, तेव्हा यंत्र वापरणाऱ्यांनी सुमारे १२ टक्के जास्त कामं उरकली आणि तीही २५ टक्के लवकर. मग मुद्दाम असं एक काम दिलं की ज्यात यंत्र छान, ठासून, पण चुकीचं उत्तर देईल. तिथे यंत्र हाताशी असलेल्यांचं बरोबर येण्याचं प्रमाण यंत्र नसलेल्यांपेक्षा १९ टक्केबिंदूंनी कमी निघालं. हे लोक उच्चशिक्षित होते, मोठ्या पगाराचे होते, आणि तरी गोड भाषेला भुलले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी न्यायालयात जे पूर्वीचे निकाल दाखले म्हणून दिले, ते मुळात अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचले होते. न्यायालयाने पाच हजार डॉलर दंड ठोठावला. यंत्र वापरलं हा त्यांचा दोष नव्हता. निकालांची ती नावं शोधून पाहण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत, हा होता.

आता आपल्या घरचं पाहू. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२३ च्या ‘असर’ अहवालात २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमधल्या, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या सुमारे ३५ हजार मुलामुलींची पाहणी आहे. त्यातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरता येत होता. म्हणजे ‘तंत्रज्ञान पोचवा’ या कामाचा मोठा भाग बाजाराने आपणहून उरकला आहे. याच मुलांपैकी चौथा हिस्सा दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत सरळ वाचू शकत नव्हता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. ओआरएसच्या पाकिटावरची सूचना वाचून चार प्रश्नांची उत्तरं द्यायची होती, त्यात निदान तीन उत्तरं बरोबर देणारी मुलं जेमतेम दोन तृतीयांश होती. कर्जाची परतफेड किती होईल हे काढायला सांगितलं, तेव्हा ते दहाएक टक्क्यांनाच जमलं, आणि हा प्रश्नसुद्धा ज्यांना निदान वजाबाकी येते त्यांनाच विचारला होता. भविष्यासाठी मुलांना काय शिकवावं यावर परिसंवाद झडतात, तेव्हा हे आकडे टेबलावर ठेवायला हवेत. पाकिटावरच्या चार ओळी ज्याला उलगडत नाहीत, त्याला यंत्राने लिहिलेली चार पानं उलगडणार कशी? आणि न उलगडलेलं तो तपासणार कसं?

म्हणून पहिलं काम वाचनाचं, आणि तेही मराठीतल्या वाचनाचं. गोष्टीची पुस्तकं वाचावीतच, पण इथे अभिप्रेत असलेलं वाचन जरा रूक्ष आहे: औषधाच्या पाकिटातली घडी घातलेली चिठ्ठी, विजेचं बिल, सातबारा, एसटीच्या सवलतीचे नियम, विमा पॉलिसीतलं बारीक अक्षर. आठवड्यातून दोनदा असा एखादा कागद मुलापुढे ठेवावा आणि ‘यातून आपल्याला काय करायचं आहे, आणि यात काय सांगितलेलंच नाही?’ एवढं विचारावं. दुसरा प्रश्न महत्त्वाचा. मजकुरात जे नाही ते दिसणं हीच तपासणीची पहिली पायरी आहे. यावर हमखास येणारा आक्षेप इंग्रजीचा: जग इंग्रजीत चालतं, यंत्रं इंग्रजीत जास्त हुशार आहेत, मग मराठीत वेळ का घालवायचा? इंग्रजी लागणार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अर्थ लावण्याची सवय ज्या भाषेत मूल विचार करतं तिच्यात लवकर रुजते, आणि मग ती दुसऱ्या भाषेत नेता येते. अर्धवट समजणाऱ्या भाषेत वाचताना मुलं एक घातक गोष्ट शिकतात: न कळताही पुढे जायचं. यंत्राचा मजकूर तपासायला याहून वाईट सवय दुसरी नाही. शिवाय यंत्रं मराठीत अजून ठेचकाळतात. त्यांचं मराठी अनेकदा कृत्रिम असतं, आणि ते कुठे बिघडलं हे ओळखणारा माणूस मराठी नीट येणाराच असणार.

दुसरं काम अंदाजाचं. आपल्या शाळेत गणित म्हणजे बरोबर उत्तर. ‘साधारण किती येईल?’ हा प्रश्न शाळेत क्वचितच विचारला जातो, कारण त्याला गुण देता येत नाहीत. यंत्राच्या काळात मात्र अचूक आकडेमोड फुकट झाली आहे, आणि अंदाजाची किंमत वाढली आहे. कर्जाचंच पाहा. एक लाखाचं कर्ज, ‘फ्लॅट’ बारा टक्के, बारा हप्ते, असं मोबाइलवरचं ॲप सांगतं. हप्ता येतो ९,३३३ रुपये. आकडा अचूक आहे, त्यात खोट नाही. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, म्हणजे वर्षभरात सरासरी कर्ज उरतं ते लाखाच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर घेतलं जातं. तर खरा दर बाराच्या जवळपास दुप्पट असणार, एवढं कागदाशिवायही कळायला हवं. बारकाईने काढला तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतो. ‘निम्म्यावर दुप्पट’ हा अंदाज ज्याला करता येतो त्याला कुठलंही ॲप सहज फसवू शकत नाही.

शेतीचं उदाहरण यापेक्षा बोलकं आहे, कारण यंत्राचा सल्ला आता बांधावर पोचला आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसासाठी उपग्रह, हवामान केंद्रं आणि जमिनीतले सेन्सर यांची माहिती जोडून सल्ला देणारा प्रकल्प चालवला आहे, आणि राज्य सरकारने जून २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं. पुढच्या पाच वर्षांत ‘आज अमुक लिटर पाणी द्या’ असे संदेश पुष्कळ फोनवर वाजतील. समजा, एखाद्या मुलाने फोनवरच्या चॅटबॉटला विचारलं की उन्हाळ्यात एकरभर उसाला ठिबकने रोज किती पाणी लागेल, आणि उत्तर आलं दोन हजार लिटर. हे बरोबर वाटतं का? इथे एकच गोष्ट ठाऊक असावी लागते: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एकर म्हणजे ४० गुंठे, ढोबळमानाने ४,००० चौरस मीटर. म्हणजे दोन हजार लिटर हे सगळ्या एकरावर अर्ध्या मिलिमीटरचा शिडकावा झाला, धूळही बसणार नाही. रोजची गरज पाच मिलिमीटर धरली तरी वीस हजार लिटर हवेत. यंत्राने एक शून्य खाल्लं. कधी ते हेक्टर आणि एकर यांची गल्लत करतं, म्हणजे उत्तर अडीच पट इकडेतिकडे. ज्याच्या डोक्यात एकराचे चौरस मीटर पक्के आहेत, त्याला हे दहा सेकंदांत कळतं. ज्याच्या डोक्यात नाहीत त्याचा ऊस वाळतो, आणि खापर तंत्रज्ञानावर फुटतं. प्रत्येक धंद्यात असे पाच-दहा आकडे असतात. गवंड्याला ब्रासमध्ये किती घनफूट (शंभर), वायरमनला किती वॅटला किती अँपिअर, नर्सला किती वजनाला किती डोस. हे पाठ करून घेण्यात कमीपणा मानू नये. ‘सगळं गुगलवर आहे’ हे वाक्य इथे उपयोगाचं नाही, कारण शंका यायलाच मुळात डोक्यात काहीतरी असावं लागतं.

मग मुलांना चॅटबॉट वापरू द्यावा की नाही? द्यावा, पण क्रम सांभाळून. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडला. गणिताच्या सरावाच्या वेळी ज्यांना साधा चॅटबॉट दिला होता त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. नंतर तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ती मुलं चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला असा चॅटबॉट दिला होता की जो थेट उत्तर न देता फक्त पुढची खूण सांगत होता. त्या मुलांचं हे नुकसान बहुतांशी टळलं. यंत्र तेच, वापरण्याची रीत वेगळी. ही रीत घरी सहज आणता येते. मुलाने आधी वहीत स्वतःचा प्रयत्न करायचा, अर्धवट का होईना. उत्तर साधारण किती किंवा कसं येईल हे वर कोपऱ्यात लिहायचं. मग यंत्राला विचारायचं ते ‘उत्तर सांग’ असं न विचारता ‘माझ्या या मांडणीत पहिली चूक कुठे आहे तेवढंच सांग’ असं. शेवटी यंत्राचं म्हणणं पुस्तकाशी किंवा शिक्षकांशी ताडायचं, आणि दोघांत फरक पडला तर कोण बरोबर हे कारणासहित लिहायचं. याला वेळ लागतो. एका गणिताला वीस मिनिटं गेली तरी हरकत नाही, पण वहीतला तो कोपऱ्यातला अंदाज सोडू नये.

आणखी एक प्रयोग घराघरात करून पाहण्यासारखा आहे. मुलाला ज्या विषयाची खडान्खडा माहिती आहे तोच विषय यंत्राला विचारायला लावा. आपल्या गावची जत्रा कधी भरते, गावात किती वाड्या आहेत, शाळेसमोरच्या ओढ्याला काय म्हणतात, आजीच्या हातच्या सांदणात काय काय पडतं. यंत्र बहुतेक वेळा न अडखळता उत्तर देईल, आणि त्यातलं बरंचसं हवेतलं असेल. ‘यंत्र चुकतं’ असं दहा वेळा सांगून जे पटत नाही ते इथे एका बैठकीत पटतं, कारण मूल स्वतः जाणकार असतं. पुढचा प्रश्न मग त्यानेच विचारायचा: मला ठाऊक असलेल्या विषयात हे इतकं चुकतं, तर मला ठाऊक नसलेल्या विषयात मी ते कसं पकडणार?

या सगळ्यावर अभ्यासू वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. एका कंपनीच्या पाच हजारांहून जास्त ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात यंत्राच्या मदतीने काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढलं, आणि सगळ्यात मोठा फायदा, जवळजवळ ३४ टक्क्यांचा, झाला तो नवख्यांना. अनुभवींना फारसा झाला नाही. मग यंत्र जर नवख्यालाच वर उचलत असेल, तर पाया पक्का करण्याचा आटापिटा कशाला? उत्तर त्या कामाच्या स्वरूपात आहे. तिथे यंत्राने सुचवलेली उत्तरं त्याच कंपनीतल्या चांगल्या कर्मचाऱ्यांच्या जुन्या संभाषणांतून आलेली होती, प्रश्न पुन्हा पुन्हा त्याच धर्तीचे होते, आणि उत्तर चुकलं तर ग्राहक तिथल्या तिथे बोंब मारत होता. म्हणजे तपासणी बाहेरून होत होती. पिकाचं पाणी, औषधाचा डोस, पुलाची तुळई, न्यायालयातला दाखला इथे चूक लगेच ओरडत नाही. महिन्या-वर्षाने बाहेर येते. शिवाय जे काम नवखा यंत्राच्या जोरावर अनुभवी माणसाइतकं करू शकतो, त्या कामाला मोबदला अनुभवी माणसाचा मिळत राहील असं मानायला काही आधार नाही. पहिल्या दिवशी मिळणारी उचल आणि दहाव्या वर्षी हातात राहणारी किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅल्क्युलेटर आला तेव्हाही अशीच ओरड झाली होती, असं दुसरा कुणी म्हणेल. झाली होती. पण कॅल्क्युलेटर चुकत नाही, बटण चुकतं. सातला आठने गुणून तो आत्मविश्वासाने ५४ सांगत नाही. ही तुलना इथे संपते. तिसरा आक्षेप असा की काही वर्षांत यंत्रंच यंत्रांना तपासतील. कदाचित तपासतीलही. तरी सही कुणाची, हा प्रश्न उरतो. २०२४ मध्ये कॅनडातल्या एका लवादापुढे एअर कॅनडाने असा युक्तिवाद करून पाहिला की संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने प्रवाशाला दिलेल्या चुकीच्या माहितीला तो चॅटबॉटच जबाबदार. लवादाने तो फेटाळला आणि कंपनीला पैसे भरायला लावले. कागदावर सही करणारा, इंजेक्शन टोचणारा, मीटर जोडणारा माणूस जबाबदार राहणार आहे तोवर, आपण कशावर सही करतो आहोत हे त्याला कळावंच लागेल.

आता थोडं हातांविषयी. अंदाज हा नुसत्या डोक्याचा गुण नाही. दोन पोती सिमेंटमध्ये किती काम होतं, किती जोर लावला की नटाचा आटा जातो, किती सावली पडली की सोलर पॅनेलची वीज निम्म्यावर येते, हे कळतं ते हात घातल्यावर. महाराष्ट्रात याचा चांगला पाठ पुणे जिल्ह्यातल्या पाबळला घालून दिला गेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केली, हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर काम केलं, आणि ते सोडून १९८३ मध्ये या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांना तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळं थोडं थोडं, पण खऱ्या कामातून शिकवलं गेलं. त्यातूनच आठवी ते दहावीच्या शाळांसाठी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करायचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. त्यातली खरी मेख अशी की मुलांनी केलेली वस्तू किंवा सेवा गावाला उपयोगी पडायची: मातीची तपासणी करून द्यायची, फेरोसिमेंटची टाकी बांधायची, घराचं फिटिंग करायचं, आणि त्याचा खर्चही मांडायचा. साहित्य किती, मजुरी किती, तूट किती. टाकी गळली तर गुण कापायला शिक्षक लागत नाही, पाणीच सांगतं. २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने इथे फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. संगणकावर चालणारी यंत्रं पाबळच्या मुलांनी लवकर आपलीशी केली, याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. काय बनवायचं आणि ते बरोबर बनलं की नाही, हे ठरवायची सवय त्यांना आधीपासून होती.

आपल्या मुलाच्या शाळेत असं काही नसेल, तर थोडंफार घरी करता येतं. विजेच्या मीटरचा आकडा महिनाभर रोज रात्री वहीत लिहायला लावा. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, एवढ्या माहितीवर महिन्याचं बिल किती येईल याचा अंदाज मुलाने आधी बांधावा आणि बिल आल्यावर ताडावा. पहिल्या महिन्यात तो बराच चुकेल. गिझर आणि इस्त्री यांनी किती वीज खाल्ली हे त्याला तेव्हा कळेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर काम करण्याची तरतूद आहे. ते दहा दिवस आपल्या शाळेत कसे पार पडतात, सुताराकडे की सभागृहातल्या भाषणांत, हे पालकसभेत विचारायला हवं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांचं बोलणं झालं; आमच्या पोराला दोन वर्षांत कमवायचं आहे, त्याला सर्टिफिकेट हवं. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. नोकरीच्या जाहिरातीत मागतात ते प्रमाणपत्र घ्यावंच. सरकारी भरतीसाठी एमएस-सीआयटी लागत असेल तर ती परीक्षा द्यावी. फक्त प्रमाणपत्राला तयारी समजू नये, कारण ते काळाच्या बरंच मागून चालतं. गोदरेजने २००९ च्या सुमारास टंकयंत्रं बनवणं थांबवलं, तरी राज्यात टंकयंत्रावरची परीक्षा २०१७ मध्येही चालू होती. आणि लवकर कमवायचं असेल तर हाताच्या कामाकडे नाक मुरडणं आधी बंद केलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचं आहे. छपरावर चढून, सावली मोजून, अर्थिंग नीट करणारा माणूस चॅटबॉटने पुरवता येत नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा ट्रेड, त्यानंतर शिकाऊ उमेदवारी, आणि जोडीला इन्व्हर्टरची सॉफ्टवेअर सेटिंग्ज स्वतः वाचून समजून घेण्याची तयारी, ही जोड आजच्या घडीला अनेक पदव्यांपेक्षा भरवशाची वाटते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ‘असर’च्या त्याच पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण जेमतेम २० टक्के. फोनवर करून दाखवायच्या कामांत मुलगे पुढे होते, त्यात नवल ते काय. फसवणुकीच्या भीतीने मुलीच्या हातात फोन न देणारे पालक तिला फसवणूक ओळखायला शिकायची संधीच नाकारतात. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत, फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करायचा, हे तिला फोन हातात असतानाच शिकता येईल. सरावाला घरातलाच फोन पुरेल, पण तिचा तासही भावाइतकाच ठरलेला असावा.

दहावी-बारावीनंतर प्रवेश घेताना माहितीपुस्तिकेत ‘एआय’ हा शब्द किती वेळा आला आहे हे मोजत बसू नका, तो आता प्रत्येक पुस्तिकेत असतो. त्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. मुलांचे प्रकल्प कोण वाचतं आणि चूक दाखवून परत देतं का, की सही करून मोकळे होतात, हे विचारा. तोंडी परीक्षेत ‘हे असंच का केलं?’ असा प्रश्न येतो का, हेही विचारा. यंत्राकडून करून घेतलेलं काम तिथेच उघडं पडतं. बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी केलेलं एखादं काम त्यांनी दाखवावं. आणि वर्कशॉप किंवा लॅबची किल्ली कुणाकडे असते, ती वर्गाची वेळ संपल्यावरही मिळते का, हे शिपाईमामांकडून काढून घ्या.